साक्षीला कोण?

बाबा देव मानत नसत. हे ते कधी मोठ्याने सांगत नसत, त्यावरून कुणाशी वादही घालत नसत. आई हात जोडून उभी असली की पावलांचा आवाज न करता बाजूने निघून जात. मी नऊ-दहा वर्षांची असताना त्यांचे एक स्नेही अचानक वारले. त्यानंतर आठवड्याभरात एका संध्याकाळी बाबांनी कपाटातून एक पाकीट काढलं, त्यातल्या नोटा दोनदा मोजल्या, पाकिटावर काहीही न लिहिता ते खिशात ठेवलं आणि मला म्हणाले, "येतेस?"

त्या घरी काकू एकट्याच बसल्या होत्या. बाबांनी पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांना काही उमगेना. "कसले हे?" त्यांनी विचारलं. "घेतले होते," बाबा म्हणाले. काकूंनी आतून नवऱ्याची वही आणली आणि पानं उलटून पाहिली. बाबांचं नाव कुठेच नव्हतं. कागद नव्हता, साक्षीदार नव्हता. त्या दोन मित्रांखेरीज हा व्यवहार कुणालाच ठाऊक नव्हता, आणि दोघांतला एक आता राहिला नव्हता. काकूंच्या चेहऱ्यावर कृतज्ञता नव्हती, हे मला स्पष्ट आठवतं. संशय होता. न मागता कुणी पैसे आणून देतो म्हणजे आणखी काहीतरी दडवत असणार, असं त्यांना वाटलं असावं. बाबांच्या ते लक्षात आलं असणारच, पण त्यांनी खुलासा केला नाही. "नीट मोजून घ्या," एवढंच म्हणाले आणि त्यांचं मोजून होईपर्यंत तिथेच उभे राहिले.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलं. देव बघत असतो." बाबा चपला काढत होते. ते काही बोलले नाहीत.

"घेतले होते" आणि "देव बघत असतो". एकाच कृतीची ही दोन कारणं मी एकाच घरात, एकाच संध्याकाळी ऐकली. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. पुढे मोठी होताना अनेकांच्या तोंडून एक प्रश्न ऐकला: देवाची भीतीच उरली नाही, तर माणसाला धरबंध कशाचा? हा प्रश्न विचारणारी माणसं बहुतेक वेळा चांगलीच असत, आणि त्यांची काळजी खरी असे. पण दर वेळी माझ्या डोळ्यांसमोर ते कोरं पाकीट यायचं.

आपल्या भाषेत शब्दाला वजन आणायचं तर साक्षीला कुणीतरी लागतं. देवाशपथ, आईशपथ, गळ्याशपथ. नुसतं "खरं सांगते" पुरत नाही. पण चिडलेलं माणूस समोरच्याला सुनावतं ते वेगळंच: "जनाची नाही, निदान मनाची तरी बाळग." मला या बोलण्यात नेहमी एक गोष्ट जाणवते. यात देव नाही. जन आहेत आणि मन आहे. त्यातही 'निदान' हा शब्द मनाच्या वाट्याला आला आहे; चारचौघांची लाज सुटली तरी शेवटी जे उरायला हवं, ते मन.

या शेवटच्या आधारावर विसंबायला अनेक शहाणी माणसं तयार नव्हती. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६८९ मध्ये धार्मिक सहिष्णुतेची बाजू मांडली. त्याच्या काळाच्या मानाने ती मोठ्या मनाची मांडणी होती. पण त्याने नास्तिकांना त्या सहिष्णुतेतून वगळलं. वचन, करार, शपथ या मानवी समाजाला बांधून ठेवणाऱ्या गोष्टी नास्तिकाला बांधू शकत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. लॉकची भीती मी हसण्यावारी नेत नाही. दोन अनोळखी माणसं एकमेकांच्या शब्दावर विसंबून व्यवहार करतात, ही खरोखर नवलाची गोष्ट आहे. तो शब्द नेमका कशावर टेकला आहे, हे विचारणं योग्यच होतं.

त्याच्या काही वर्षं आधी, १६८२ मध्ये, पिएर बेल या फ्रेंच विचारवंताने एका धूमकेतूच्या निमित्ताने लिहिताना याच प्रश्नाचं वेगळं उत्तर दिलं होतं. बेल प्रोटेस्टंट होता, फ्रान्समधून रॉटरडॅमला आला होता, आणि पुढे त्याचा भाऊ आपल्या धर्मापायी फ्रान्सच्या तुरुंगात मेला. श्रद्धेची किंमत काय असते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्याचं निरीक्षण असं की माणसं आपल्या मतांनुसार वागतच नाहीत. नरकावर पूर्ण विश्वास असलेला माणूसही मोह झाला की ढळतो. वागणं ठरतं ते स्वभावाने, सवयीने, लोकांत मान राहावा या इच्छेने. म्हणून केवळ नास्तिकांचा समाजही नीट चालू शकेल, असं त्याने लिहिलं. एका श्रद्धावंताने हे लिहावं, याचं मला फार महत्त्व वाटतं.

शपथेची गोष्ट इथे थांबत नाही. त्याच शतकात इंग्लंडमधले क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक न्यायालयात शपथ घ्यायला नकार देत होते आणि त्यासाठी तुरुंगात जात होते. त्यांची श्रद्धा उणी नव्हती, उलट ती इतकी कडक होती की शपथच त्यांना खटकायची. तुमचं 'हो' हे 'हो' असावं आणि 'नाही' हे 'नाही', ही येशूची शिकवण ते शब्दशः पाळत. आज शपथेवर खरं बोलायचं, याचा अर्थ एरवी खोटं बोललेलं चालतं, असा होत नाही का? शतक संपता संपता कायद्याने त्यांना शपथेऐवजी नुसतं प्रतिज्ञापूर्वक सांगण्याची मुभा दिली.

नास्तिकाला तीच मुभा पूर्णपणे मिळायला आणखी जवळजवळ दोन शतकं जावी लागली. चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये नॉर्दॅम्प्टनमधून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले. देवाच्या नावाने शपथ न घेता प्रतिज्ञा करू द्यावी, अशी मागणी त्यांनी केली. ती फेटाळली गेली. मग त्यांनी शपथ घ्यायची तयारी दाखवली, तर ज्याला देवच मान्य नाही त्याची शपथ कसली, म्हणून तीही घेऊ दिली नाही. एक रात्र त्यांना पार्लमेंटच्याच घड्याळाच्या मनोऱ्यातल्या कोठडीत काढावी लागली. मतदार त्यांना पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. अखेर १८८६ मध्ये त्यांना सभागृहात बसता आलं, आणि १८८८ मध्ये त्यांच्याच प्रयत्नाने प्रतिज्ञेला शपथेचा दर्जा देणारा कायदा झाला. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत ईश्वरसाक्ष शपथ आणि गांभीर्यपूर्वक दृढकथन हे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी आहेत. ते वाचताना मला हे सगळं आठवतं. ब्रॅडलॉ १८९१ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या अंत्यविधीला लंडनमध्ये शिकणारा एक तरुण हजर होता, मोहनदास गांधी. त्याची देवावरची श्रद्धा पुढे साऱ्या जगाने पाहिली.

ब्रॅडलॉ यांनी सुरुवातीलाच मुकाट्याने चार शब्द पुटपुटले असते, तर त्यांना कुणी अडवलं नसतं. खोटं बोलायला तयार असलेल्या नास्तिकाला दार उघडं होतं, ते बंद होतं खरं बोलणाऱ्याला. न्यायालयातल्या साक्षीबद्दल इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने हीच विसंगती १८५९ मध्ये दाखवून दिली होती. ती ज्यांना दिसली नाही, ते लोक वाईट नव्हते. देव न मानणारा माणूस भरवशाचा नसतो, ही समजूत फार खोल रुजलेली आहे. १३ देशांतल्या तीन हजारांहून अधिक लोकांवर केलेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. अत्यंत क्रूर कृत्य करणारा माणूस नास्तिक असावा, असं मन पटकन धरून चालतं, असं त्यात दिसलं. उत्तर देणाऱ्यांत जे स्वतः नास्तिक होते, त्यांच्याही मनाचा कल तिकडेच होता.

आता माझं सांगते.

तेव्हा मी तिशीत होते आणि मनापासून श्रद्धाळू होते. आईसारखी. नोकरीत एका अहवालासाठी मी हाताने आकड्यांचा तक्ता करून दिला होता. त्यातले दोन रकाने मी अदलाबदल करून उतरवले. आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या एका मुलीने तो टाइप केला. अहवाल वर गेला, चूक तिकडे सापडली, आणि साहेबांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. चूक टाइप करतानाच झाली असणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. ती हातात पट्टी घेऊन उभी होती. बोटांनी पट्टी फिरवत होती, एकदा आकड्यांची बाजू वर, एकदा कोरी बाजू वर. मी तिच्यापासून तीन-चार हात लांब बसले होते. माझा मूळ कागद माझ्याच खणात होता. मी गप्प राहिले.

त्या रात्री मी देवापुढे बसले आणि डोळ्यांत पाणी आणून मागणं मागितलं: हे उघडकीला येऊ देऊ नकोस. ते आलं नाही. महिन्याभरात विषय मागे पडला. मी देवाचे आभार मानले. हो, आभार मानले, आणि मनापासून मानले. पुढे ती मुलगी नोकरी सोडून गेली. तिच्या जाण्याचा या प्रकाराशी संबंध होता की नाही, मला कळलं नाही. कळून घ्यायचा मी प्रयत्नच केला नाही.

त्या रात्री मी देवाला साक्षीदार नाही, साथीदार केलं होतं. ज्याच्या धाकाने मी खरं बोलायचं, त्याच्याच आडोशाला जाऊन मी लपले. श्रद्धेचा असा उपयोग होतो, हे मला स्वतःवरून कळलं. मात्र यात दोष श्रद्धेचा होता, असं मी म्हणणार नाही. देव मानत नसते, तर "असं सगळ्यांचंच होतं", "तिला कुठे फाशी दिली" अशी दुसरी पांघरुणं मला मिळालीच असती.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमधल्या एका प्रयोगाबद्दल मी वाचलं, तेव्हा म्हणूनच मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी तो १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एक छोटं भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवण्यात आलं. काहींच्या भाषणाचा विषय होता, वाटेत जखमी होऊन पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्या माणसाची बायबलमधली गोष्ट. वाटेत एका दारात एक माणूस वाकून, खोकत, कण्हत बसवलेला होता. ज्यांना घाई नव्हती, त्यांतले ६३ टक्के थांबले. ज्यांना उशीर झाल्याचं सांगितलं होतं, त्यांतले १० टक्के. आपण त्याच गोष्टीवर बोलायला निघालो आहोत, यानेही फारसा फरक पडला नाही. ती मुलं निर्दय नव्हती. घाईत त्यांना तो माणूस दिसला तरी पोचला नाही. मला त्या दिवशी पट्टी दिसत होती, मुलगी पोचत नव्हती.

बेलचं म्हणणं मला इथे खरं वाटतं. पण मग चांगलं काय, हे ठरवतं कोण? हा प्रश्न फार जुना आहे. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिसवर देवांच्या अवमानाचा आरोप झाला आहे आणि त्यासाठी तो न्यायालयाशी आला आहे. तिथे त्याला युथिफ्रो भेटतो. युथिफ्रो आपल्याच बापावर खुनाचा खटला भरायला आलेला आहे. त्यांच्या एका मजुराने दारूच्या नशेत गुलामाला मारलं; बापाने त्या मजुराला बांधून खड्ड्यात टाकलं आणि पुढे काय करावं हे विचारायला माणूस पाठवला. तो परत येण्याआधी मजूर थंडी-उपासाने मेला. युथिफ्रोची खात्री आहे की तो करतोय ते देवांना मान्य आहे. सॉक्रेटिस त्याला विचारतो: एखादी गोष्ट पवित्र आहे म्हणून देवांना आवडते, की देवांना आवडते म्हणून ती पवित्र? युथिफ्रोला उत्तर देता येत नाही, आणि काम असल्याचं सांगून तो निघून जातो. मला त्या संवादातला खड्ड्यातला मजूर विसरता येत नाही. त्याला वर काढावं की नाही, हे कळायला माणूस कुठे पाठवायची गरज होती का?

आपल्या पूर्वेकडची उत्तरं मला याहून धीट वाटतात. वनवासात द्रौपदी युधिष्ठिराला विचारते, एवढा धर्म पाळून तुम्हाला मिळालं काय? तो सांगतो, मी फळासाठी धर्म पाळत नाही, धर्माचा व्यापार करणारा सगळ्यांत हीन. आणि शेवटी जेव्हा त्याला स्वर्गात दुर्योधन दिसतो आणि भाऊ-द्रौपदी नरकात विव्हळताना ऐकू येतात, तेव्हा तो देवांची आणि खुद्द धर्माचीही निंदा करतो आणि तिथेच राहायचं ठरवतो. ती माया होती, हे त्याला नंतर सांगितलं जातं. ठरवलं तेव्हा त्याला ते माहीत नव्हतं. आठव्या शतकातली इराकमधल्या बसऱ्याची सूफी संत राबिया तर देवाला विनवते, की नरकाच्या भीतीने मी तुझी भक्ती करत असेन तर मला नरकात जाळ, आणि स्वर्गाच्या आशेने करत असेन तर मला स्वर्गाबाहेर ठेव. बुद्धाने कालाम नावाच्या लोकांना सांगितलं की परलोक असेल तर सदाचरणी माणसाचं तिथे भलं होईल, आणि नसेल तरी वैर न बाळगता तो इथे सुखाने जगेल. श्रद्धा जिथे सर्वांत खोल गेली आहे, तिथे तिने बक्षीस आणि शिक्षा दोन्ही हातांनी बाजूला सारली आहेत.

तरीही मी आईकडे पाठ फिरवू शकत नाही. बाबांनी त्या काकूंचे पैसे पोचवले, पण सख्ख्या भावाचा एक शब्द त्यांनी उभ्या आयुष्यात माफ केला नाही. आईने केला. ज्या सासूने तिला कधी धड बोलू दिलं नाही, तिची अंथरुणातली शेवटची वर्षं आईने न चिडता काढली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "रोज सकाळी मागते ना, आजच्या दिवसापुरता राग काढून घे म्हणून. आजच्या दिवसापुरताच मागते." न मानणाऱ्याकडे असा रोजचा ठरलेला वेळ सहसा नसतो, स्वतःकडे बघण्याचा. बाबांकडे नव्हता. ही उणीव आहे, आणि ज्यांनी श्रद्धा सोडली, त्यांनी ती मान्य करावी असं मला कळकळीने वाटतं.

श्रद्धेतून एवढं बळ येतं, की इंग्लंडमध्ये १७८७ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जी समिती उभी राहिली, तिच्या १२ संस्थापकांतले ९ क्वेकर होते. शपथ नाकारणारे तेच. आणि अमेरिकेत १८४५ मध्ये दक्षिणेकडच्या बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी आपलं वेगळं संघटन काढलं ते गुलामगिरीच्याच वादातून, गुलाम बाळगणाऱ्यांना धर्मप्रचारक म्हणून नेमता यावं या आग्रहाने. ग्रंथ एकच, प्रार्थनाही बरीचशी एकच. मग त्या ग्रंथातलं काय उचलायचं, हे ज्याने ठरवलं ते ग्रंथाच्या बाहेरचं असणार.

तुकोबांनी त्याचं नाव सांगून ठेवलं आहे. "सत्य असत्याशी मन केलें ग्वाही, मानियेलें नाहीं बहुमता." ज्यांच्या श्वासात विठ्ठल होता, त्यांनी खऱ्याखोट्याच्या निवाड्याला साक्षीला मन बोलावलं. पण त्यांचं मन आणि त्या रात्रीचं माझं मन यांत अंतर आहे, हे मला विसरता येत नाही. मनही फितूर होतं. माझं झालं होतं. ते घडवावं लागतं, आणि माझं थोडंफार जे घडलं ते दोन्हीकडून: दोनदा मोजलेल्या नोटांनी आणि आजच्या दिवसापुरत्या मागण्याने.

माझी श्रद्धा पुढे हळूहळू गेली. तो वेगळा विषय आहे. बाबा गेले त्या वर्षी त्यांचं कपाट आवरताना मला तशीच कोरी पाकिटं सापडली, रबर लावून ठेवलेली. त्या आठवड्यात मी त्या मुलीचा पत्ता शोधून काढला. आता ती मुलगी कसली, तिचीच मुलं मोठी असतील. मी सगळं लिहिलं, कारणं न देता. चूक माझी होती, मला माहीत होतं, मी गप्प राहिले. तीन वेळा कागद फाडला, कारण दर वेळी कुठेतरी स्वतःची बाजू डोकावत होती.

उत्तर यायला बरेच दिवस लागले. चार ओळी होत्या. पहिली ख्यालीखुशालीची. मग लिहिलं होतं, "मला तेव्हाच माहीत होतं. तो कागद मी दोनदा बघून टाइप केला होता. तुम्ही सांगाल म्हणून मी थांबले होते."

म्हणजे त्या दिवशी तिला सगळं माहीत होतं. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. पट्टी फिरवत ती उभी राहिली, आणि मला संधी देत राहिली. कशाच्या जोरावर, हे तिने लिहिलेलं नाही. ती देव मानते की नाही, हे मला आजही माहीत नाही. तिला पुन्हा पत्र पाठवताना तसं विचारावं असं एकदाही मनात आलं नाही.